धक्क्यावरची गिनती

तो फोटो मी प्रदर्शनाला का देत नाही, हे तुम्ही आज तिसऱ्यांदा विचारलंत, कुणाल. म्हणून सांगून टाकते. बसा निवांत. दिवा टेबलावरचा एवढाच राहू दे. आतल्या खोलीत आबा आहेत आणि हल्ली त्यांना उजेड सोसत नाही. आवाजही जरा हळूच ठेवू.

तुम्ही क्लबात नवीन आहात, म्हणून आधी माझ्याविषयी. मी काही फोटोग्राफर नव्हे. नॉलेज सिटीतल्या एका संस्थेत सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्ट्यांचे फोटो काढते. दिवसभर जंतू बघून वीट आला की सूर्यास्त काढावेसे वाटतात, एवढीच माझी हौस. नवरा, शंतनू, हवाईदलात आहे. गेल्या वर्षी त्याचं पोस्टिंग लेहला झालं आणि मी या क्वार्टरमध्ये मागे राहिले. मूलबाळ नाही. आई गेल्यावर वडिलांना मी साताऱ्याकडच्या गावाहून इकडे चंडीगढला आणलं. आबा म्हणजे सुभेदार एकनाथ शेडगे, पलटणीत अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. इथे आल्यावर त्यांनी तीन महिने खिडकीत बसून काढले. वाढलं की जेवायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. मला वाटायचं, आईबरोबर यांच्यातला अर्धा माणूस गेलाच आहे, उरलेला अर्धा तरी माझ्या हातून जाऊ नये. या सगळ्या प्रकरणात माझी इच्छा तेवढी एकच होती, हे लक्षात ठेवा. पुढे मी काय केलं ते ऐकून तसं वाटणार नाही.

ऑक्टोबर संपत आला होता. शेतं जाळल्याचा धूर हवेत असतो त्या दिवसांत, त्यामुळे सूर्य मावळताना तांबडालाल होतो आणि त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. मला सुखना तळ्यावरचा सूर्यास्त हवा होता. सगळे काढतात तसा नाही, रिकाम्या तळ्याचा. आता सुखना संध्याकाळी रिकामी कधी असते? अर्धं शहर तिथे चालायला येतं. पण त्याला एक युक्ती आहे. लेन्सवर गडद काच चढवायची, कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवायचा आणि शटर तीन-चार मिनिटं उघडं ठेवायचं. तेवढ्या वेळात जे जे हलतं ते फोटोतून नाहीसं होतं. चालणारी माणसं, बदकं, पायडल मारायच्या बोटी, सगळं पुसलं जातं आणि पाण्यावर साय धरल्यासारखी दिसते. उरतं ते फक्त जागचं न हललेलं. माणूस अगदी दगडासारखा उभा राहिला तरी त्याच्या कडा पुसट येतात, कारण तो श्वास घेत असतो. खांदे हलतात, छाती हलते. हे एवढं ध्यानात ठेवा.

आबांना घरी एकटं ठेवायला नको म्हणून बरोबर घेतलं. बोटिंग चालतं ते टोक सोडून पार दुसऱ्या टोकाला एक जुना लाकडी धक्का आहे. तिथे आता बोटी लागत नाहीत. समोर सगळं पाणी, पलीकडे मावळता सूर्य, उजव्या हाताला शिवालिकचे डोंगर. आबांना बाकावर बसवलं, शाल दिली आणि मी माझ्या कामाला लागले.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा मी शटर उघडलं. आणि आबा उठले. काठी बाकावर ठेवून सरळ धक्क्यावर चालत गेले, टोकाशी थांबले, टाचा जुळवल्या आणि सावधान उभे राहिले.

मला हसू आलं, आणि भरूनही आलं. मी छावण्यांमध्ये वाढलेली मुलगी आहे. सूर्यास्ताला झेंडा उतरतो तेव्हा बिगुल वाजतो, आणि तो कानावर पडला की जो जिथे असेल तिथे थांबतो. सायकलवरचा माणूस खाली उतरतो. आई पोळ्या करत असली तर लाटणं बाजूला ठेवून ओट्यापाशी ताठ उभी राहायची. आम्ही पोरं खेळ सोडून उभी. ते हाडात मुरलेलं असतं. आबांना वेळ झाली की पाय आपोआप उचलत असतील, असं मी धरून चालले. बिगुल मात्र मला ऐकू आला नव्हता. इथून छावणी कितीतरी लांब आहे.

फोटो घरी येऊन पाहिला आणि माझा माझ्यावरच विश्वास बसेना. लाल आभाळ, सायीसारखं पाणी, सगळ्या शहरातली माणसं पुसली गेलेली आणि धक्क्याच्या टोकाला पाठमोरा एक म्हातारा शिपाई. कडा जराशा पुसट, पण त्यानेच तो जिवंत वाटत होता. क्लबाच्या ग्रुपवर टाकला तर रात्रभर फोन वाजत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा माझं कशासाठी तरी कौतुक होत होतं. मी पार हुरळून गेले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर तो लावला तेव्हा दिसलं की दूर पाण्यात, धक्क्यापासून दीडेकशे फुटांवर, एक खुंट आहे. काळा, उभा, अगदी रेखीव. पाण्याची खोली मोजायला रोवतात तसा असेल म्हटलं. संध्याकाळी तिकडूनच घरी आले, तर पाण्यात काहीच नव्हतं. तिथल्या पहारेकऱ्याला विचारलं.

"खंभा?" तो म्हणाला. "ना जी. वहाँ कोई खंभा नहीं. वहाँ तो पंद्रह फुट पानी है."

आठवड्याने पुन्हा गेलो. क्लबातल्या ओजस्विनीताईंनी सुचवलं होतं की आभाळ थोडं कमी घे, माणूस मोठा घे. मला तोच फोटो आणखी चांगला हवा होता. या खेपेला आबांना काही सांगावं लागलं नाही. सूर्य टेकताच ते आपण होऊन गेले. मी शटर उघडलं आणि तेवढ्यात वारा पडला. मागे चालणाऱ्या लोकांचे आवाज कोणी दार लावून घ्यावं तसे बंद झाले. आणि वास आला. सुखनाला असा वास नाही. गढूळ पुराच्या पाण्याचा, कुजलेल्या बांबूचा, भिजून जड झालेल्या दोरखंडाचा. तीन मिनिटं तो वास माझ्या नाकातोंडात होता. शटर बंद झालं आणि गेला.

त्या फोटोत खुंट साठ फुटांवर आला होता. त्याला खांदे होते.

मी पडदा मोठा करत गेले. खांद्यांवर बरसाती होती, पलटणीत पावसात घालतात ती. हात मांड्यांना चिकटलेले. तोंड आबांकडे. माझं काम काचपट्ट्यांतलं बारीक बघण्याचंच आहे, कुणाल, माझी नजर फसत नाही. आबांच्या कडा पुसट होत्या. त्या माणसाच्या बरसातीचं एकेक बटण मोजता येत होतं. तीन मिनिटांत तो केसभरही हलला नव्हता. आणि तो उभा होता पाण्यावर.

घरी येऊन मी फोटो आबांपुढे ठेवला. भाकरी मोडत होते. बघितला आणि घास खाली ठेवला.

"आबा, हा कोण?"

"बाळकृष्ण तांडेल," ते म्हणाले. "मालवणचा. बंदरावरचं प्वार. पाण्याला त्याच्यागत कुणी न्हवतं आमच्यात."

"तुम्हाला बिगुल ऐकू येतो का तिथे?"

"तुला न्हाई येत?" असं त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं.

मग त्यांनी ते सांगितलं. आईलाही कधी सांगितलं नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली आसामात पूर आला तेव्हा पलटण मदतीला गेली होती. आबा तेव्हा हवालदार. त्यांच्या हाताखाली अकरा माणसं आणि एक बोट; गिनती द्यायची ती या अकरांची, स्वतःला सोडून. दिवसभर बेटांवरची माणसं काढली. संध्याकाळी परतायचा हुकूम आला. शेवटच्या खेपेला बोट एका वाळूच्या बेटाला लागली होती. प्रवाह जोरात होता, म्हणून तांडेल खाली उतरून दोर धरून उभा राहिला. सगळे चढले की शेवटी तो चढणार. तेवढ्यात काठावरच्या तळावर बिगुल झाला. तांडेलने दोर बोटीत टाकला आणि सावधान उभा राहिला, झेंड्याच्या दिशेने तोंड करून. बावीस वर्षांचं पोरगं, शिस्तीचं. दोर सुटताच प्रवाहाने बोट ओढून नेली. बोटीत कालवा, पोरंबाळं, शेळ्या. आबांनी मागे वळून बघितलं होतं.

"बघितलं म्या," ते म्हणाले. "काळं कायतरी हुबं दिसलं. हाललं न्हाई. मला वाटलं, खुंट हाय."

काठावर उतरल्यावर साहेबाने गिनती मागितली. अंधार पडत होता, सगळे चिखलात बसलेले. आबांनी एकेकाच्या खांद्याला हात लावत मोजलं. झाले दहा. आणि मग, परेडवर स्वतःलाही धरायच्या सवयीने, शेवटी म्हणाले, और मैं. ग्यारह में ग्यारह, साब. गिनती पूरी.

"सवतालाच मोजलं गं. त्याच्या जाग्यावर मीच हुबा ऱ्हायलो."

गिनती पूरी म्हटल्यावर बोट उलथी घातली, दिवे विझवले. तासाभराने लंगरमध्ये, पलटणीच्या जेवणघरात, एक ताट शिल्लक राहिलं तेव्हा लक्षात आलं. पुन्हा बोट काढेपर्यंत बेट पाण्याखाली गेलं होतं. कागदावर लिहिलं की शिपाई तांडेल बोटीतून उतरताना वाहून गेला. खाली सही हवालदार शेडग्यांची. त्याच्या आईला तसंच कळवलं. खोटी गिनती दिल्याचं आबांनी कधी कबूल केलं नाही. पुढे नायब सुभेदार झाले, सुभेदार झाले.

माझे आबा. लहानपणी माझ्या बुटांच्या नाड्या बांधून मगच परेडला जाणारे. मला त्यांचा राग आला आणि राग आल्याबद्दल माझाच राग आला. त्यांच्या पाठीवर हात ठेवला तर शर्ट दमट लागला.

शंतनूला फोन केला. तो म्हणाला, वय झालंय, डॉक्टरांना दाखव, आणि तळ्यावर नेणं बंद कर. दोन्ही केलं. डॉक्टरांनी रक्तदाबाचं औषध लिहून दिलं, झोपेची गोळी दिली. तळ्यावर जाणं मी थांबवलं. पण साडेपाच वाजले की आबा असतील तिथून उठायचे आणि स्वयंपाकघरात, पश्चिमेच्या खिडकीकडे तोंड करून सावधान उभे राहायचे. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पुढे पुढे अर्धा तास. हाक मारली तरी हलायचे नाहीत. एक दिवस मी त्यांना धरून बसवायला गेले तर त्यांच्या विजारीचे पाय घोट्यापर्यंत भिजलेले होते. फरशी कोरडी होती, कुणाल. दोन दिवसांनी गुडघ्यापर्यंत.

त्या रात्री मी ठरवलं. घरात बसून पाणी कमरेला लागायची वाट बघण्यात अर्थ नव्हता. सकाळी चहा देताना म्हटलं, "आबा, त्याला काय हवंय? त्याची गिनतीच झालेली नाही ना? मग एकदा जाऊन नीट गिनती द्या. त्याचं नाव त्यात घ्या. सुटेल बिचारा, आणि तुम्हीपण सुटाल."

ते कपाकडे बघत राहिले. "गिनती कागदावर चढल्याली हाय, रागिणी. अकरा. आकडा बदलत नसतो. त्यो आत आला तर..."

"तर काय?"

"काय न्हाई. जाऊ या."

ते वाक्य मी त्यांना पुरं करू द्यायला हवं होतं. नाही दिलं. मला वाटलं, हा हिशेब त्यांच्या मनातला आहे, मनातूनच उतरवला की झालं. शिकलेल्या माणसाची अक्कल. आणि दुसरी गोष्टही सांगते, कारण तुम्ही माझं कौतुक करायला आलात. मी त्या दिवशी कॅमेरा घेतला. घ्यायची काही गरज नव्हती. पण बाहेर बघितलं तर आभाळ असं काही लाल होणार होतं की ते सोडवेना.

नोव्हेंबरचा मध्य होता. आबांनी ब्लेझर घातला, त्यावर पदकं लावली. दाढी करून आले. धक्क्याकडे जाताना त्यांनी माझा हात धरला, मी लहान असताना धरायचे तसा मनगटापाशी. हात गार होता. धुरामुळे लोक कमी आले होते. पाणी इतकं शांत की डोंगर त्यात जसेच्या तसे उतरले होते. मी ट्रायपॉड लावला, काच चढवली. चार मिनिटांवर लावलं.

सूर्य टेकला. आबा टोकाला गेले, टाचा जुळवल्या. मी शटर उघडलं.

वारा पडला. आवाज बंद झाले. वास आला, यावेळी इतका जवळून की मी तोंडावर ओढणी धरली. आणि आबांनी गिनती सुरू केली. पलटणीतल्या आवाजात, तीस वर्षांपूर्वीच्या.

"एक..."

थांबले. हात पुढे करून त्यांनी हवेतल्या कुणाच्या तरी खांद्याला स्पर्श केला.

"दो... तीन... चार..."

प्रत्येक आकड्याला हात थोडा पुढे. मी कॅमेऱ्यापाशी उभी. कॅमेऱ्यावर सेकंद उलटे मोजले जात होते. एकशे सत्तर, एकशे साठ. मी धक्क्यावर पाऊल टाकलं असतं तर फळ्या हलल्या असत्या, ट्रायपॉड हलला असता. हे मी त्या क्षणी मनात आणलं, कुणाल. हे मी विसरत नाही.

"नौ... दस..."

आबा थांबले. आकडा अकराच व्हायचा होता, जागा एक उरली होती आणि उभे आता दोघे होते. मला दिसत काहीच नव्हतं. आबांच्या पुढ्यातलं पाणी फक्त जागच्या जागी खोल झाल्यासारखं वाटत होतं. कॅमेऱ्यावर तीस सेकंद उरले. मग आबांनी मान वळवली. सावधान उभ्या शिपायाने मान वळवायची नसते. त्यांनी वळवली आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर मी तुम्हाला कशी सांगू? स्टेशनवर गाडी सुटताना असतात तसे डोळे. आणि ते म्हणाले, हळू, पण मला ऐकू येईल असं,

"और मैं... म्हणायचं न्हाई आता."

पुढे कोणीतरी म्हणालं, "ग्यारह."

कोणाचा आवाज, मला सांगता येणार नाही. तरुण होता. पाण्यावरून आला की आबांच्या गळ्यातून, तेही नाही. मी हाक मारली, "आबा..." पण पाय जागचे हलले नाहीत. वीस सेकंद, दहा. शटर बंद झालं. टक्. मागे लोकांचे आवाज पुन्हा सुरू झाले, कुठे तरी मूल रडत होतं, भुट्टेवाला ओरडत होता. आबा वळले आणि धक्क्यावरून चालत माझ्याकडे आले.

मी त्यांना मिठी मारून रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग ट्रायपॉड स्वतः मिटून खांद्यावर घेतला आणि तळ्याच्या अगदी काठाकाठाने, ओल्या दगडांवरून, काठी न घेता चालत गाडीपर्यंत गेले. माझ्या जिवात जीव आला. त्या रात्री ते दोन वेळा वाढून घेऊन जेवले. फरशी कोरडी, कपडे कोरडे. शंतनूला फोन करून सांगितलं की आबा बरे झाले. तोही म्हणाला, बघ, मनातलं बोलल्यावर माणूस हलका होतो.

सकाळी मी भाकरी टाकत होते. ते येऊन ओट्यापाशी उभे राहिले आणि म्हणाले, पेज आहे का. मला वाटलं पोट बिघडलं असेल. आबांनी जन्मात पेजेला तोंड लावलं नव्हतं, आजाऱ्याचं खाणं म्हणायचे. मी तांदूळ शिजवून दिला. मिटक्या मारत खाल्ला.

दुपारी कार्यालयात फोटो उघडला. तुम्हाला हवा आहे तो हाच; मोठा करून बघायच्या आधीच मी तो ग्रुपवर टाकून बसले होते. असा सूर्यास्त मला पुन्हा मिळणार नाही, मलाच काय, कुणालाही. सगळं पाणी पेटल्यासारखं, आणि धक्क्याच्या टोकाला दोघे जण, समोरासमोर, हातभर अंतरावर. मोबाइलवर बघाल तर भेटीचा फोटो वाटेल. म्हणूनच सगळ्यांना आवडतो. मी तो मोठा केला. बरसातीतला तरुण होता त्याचे खांदे पुसट होते. छातीची कड पुसट होती. तो श्वास घेत होता. आणि ब्लेझरमधले आबा... त्यांच्या पदकांवरची अक्षरं वाचता येत होती. भुवईचा एकेक केस. चार मिनिटांत ते केसभरही हलले नव्हते. मान माझ्याकडे वळवलेली होती, डोळे माझ्यावर, आणि तेही रेखीव. चार मिनिटं पापणी लवली नव्हती.

पण मान त्यांनी वळवली ती शेवटच्या अर्ध्या मिनिटात, आणि त्याआधी मोजताना हात तर सारखा हलत होता. मग आधीची साडेतीन मिनिटं मी कोणाला बघत होते? याचं उत्तर मला माझ्या विद्येत सापडलेलं नाही.

तेव्हापासून मी रोज तिथे जाते. प्रदर्शनासाठी नाही. आबा फोटोत असतात. सावधान, तोंड माझ्याकडे. पहिल्या दिवशी धक्क्यापासून दहा फुटांवर होते. दर दिवशी थोडे लांब जातात. कालच्या फोटोत ते दीडशे फुटांच्या पलीकडे होते. आता चेहरा ओळखू येत नाही. माहीत नसलेल्याला वाटेल, पाण्यात खुंट आहे. हाक मारते, गिनतीही देऊन बघितली, एक ते अकरा, बाईमाणसाच्या आवाजात. लोक थांबून बघतात. माझ्या गिनतीने काही होत नाही. ज्याने आत पाऊल टाकलं त्यानेच बाहेर व्हावं लागतं, एवढं मला कळलंय. उद्या-परवा आबा त्या डोंगरांच्या सावलीत गेले की कॅमेऱ्यालाही दिसणार नाहीत.

म्हणून मी रोज पाच वाजता आतल्या खोलीत जाते, आणि त्याच्या पायाशी बसून विनवणी करते की एकदा, एकदाच माझ्याबरोबर धक्क्यावर चल. मघाशी तुम्ही बेल वाजवली तेव्हा तेच चाललं होतं. तो चिडत नाही. वाईट नाही तो, कुणाल. बावीस वर्षांचा मुलगा, सव्वीस वर्षं तिथे उभा राहिलेला. त्याला राग यायला हवा आमचा, पण तेवढाही येत नाही. तो आबांच्या पलंगावर, पाय पोटाशी घेऊन, दोन रजया ओढून बसलेला असतो. रोज ऐकून घेतो आणि रोज एकच सांगतो, समजूत घातल्यासारखं.

"माका नको सांगू, चेडवा. थंयचा पाणी खूप थंड आसता गो."

आणि मी रडायला लागले की माझ्या डोक्यावरून हात फिरवतो. हात आबांचाच आहे. अंगठ्यावरचा विळ्याचा व्रणसुद्धा तसाच आहे. मी तो हात बाजूला करत नाही.